भूखंड एक्केचाळीसचा श्वास

करंजविहीरमध्ये मोकळी जागा दिसली की माणसं तिच्याकडे कापायच्या फणसाकडे पाहावं तशी पाहत. वरून काटे दिसताहेत, पण गरे कुणाच्या ताटात पडणार, हा खरा प्रश्न. नवनगर प्राधिकरणातला उपनियोजक पराग टिपणीस मात्र जागेकडे पाहतच नसे. तो पाहणाऱ्यांकडे पाही. कुणी "साहेब, वाचनालयाला जागा हवी" म्हणालं की त्याला वाचनालयामागचं गोदाम दिसे. "बालोद्यान" म्हटलं की घसरगुंडीपलीकडे गाड्या लावलेल्या दिसत. आणि 'बहुउद्देशीय सभागृह' हा शब्द ऐकला की त्याच्या कानात थेट सनई वाजू लागे. प्रत्येक बहुउद्देशीय सभागृह तिसऱ्या वर्षी मंगल कार्यालय होतं, हा त्याचा उभ्या नोकरीतला एकमेव सिद्धांत होता आणि तो आजवर एकदाही खोटा ठरला नव्हता.

करंजविहीर पुण्याहून दोन तासांवर. पूर्वी इथं एसटी फक्त हात केला तर थांबायची. मग बॅटऱ्यांचे कारखाने आले, त्यांच्यामागून माणसं आली, माणसांमागून क्रेन आल्या. लोक पत्ता सांगताना "त्या पिवळ्या क्रेनसमोर" असं सांगत आणि महिन्याभरात क्रेन हलली की पाहुणे हरवत. घरं, पाणी, गटारं हे कसंबसं जमलं होतं. पण दोन लाख माणसांनी संध्याकाळी करायचं काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

जुन्या कोष्टकात ते होतं. इतक्या डोक्यांमागे एक वाचनालय, इतक्यांमागे एक व्यायामशाळा, इतक्यांमागे एक स्मशान. या हिशेबानं करंजविहीरला पावणेदोन नाट्यगृहं द्यायला हवी होती. एक तरी द्या म्हटलं, तर ते पाऊण कापून टाकायचं की वर धरायचं यावर कार्यालयात वर्षभर टिपण्या फिरल्या. आराखडा प्रसिद्ध झाला की लोकांच्या हरकती आणि सूचना मागवायच्या, सुनावणी घ्यायची, हा नियम. करंजविहीरकरांनी इतक्या हरकती पाठवल्या की त्यावरून एवढंच कळत होतं : स्मशान सगळ्यांना हवं होतं, पण पलीकडच्या सेक्टरात.

म्हणून प्राधिकरणानं 'मेळ' नावाचं यंत्र घेतलं.

मेळ घेऊन आली ती डॉ. ओवी कारखानीस. पस्तिशीची, चष्मा डोक्यावर, आणि समोरच्याला सगळं समजतंय अशा ठाम समजुतीनं बोलणारी. तिनं पहिल्या बैठकीतच जुनं कोष्टक बाजूला सारलं.

"सर, गर्दी आणि मंडळी यांत फरक काय?"

"गर्दी ढकलते," पराग म्हणाला. "मंडळी बोलावतात आणि मग ढकलतात."

ती हसली नाही. तिनं खिडकीबाहेरच्या दिव्याच्या खांबाकडे बोट केलं.

तिचं म्हणणं असं होतं. श्वास घेताना माणसाची छाती काही मिलिमीटर पुढे येते, सोडताना मागे जाते. दिव्याच्या खांबावर बसवलेलं छोटं रडार अंगावर सूक्ष्म लहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरींत एवढीशी हालचालही ओळखतं. चेहरा दिसत नाही, शब्द ऐकू येत नाही, कोण आहे ते कळत नाही. कळतो तो फक्त श्वास. आणि श्वासाची गंमत अशी, की तो एकटा राहत नाही. एकत्र गाणाऱ्या माणसांचे श्वास थोड्या वेळानं जुळतात. गोष्ट ऐकणारी माणसं एकाच जागी श्वास रोखतात आणि एकाच जागी सोडतात. त्यांच्या हृदयाचे ठोकेसुद्धा एकत्र मंदावतात. बँकेच्या रांगेत शंभर माणसं उभी असली तरी शंभर श्वास शंभर वाटांनी जातात. म्हणजे माणसं नुसती जवळ आहेत की एकत्र आहेत, हे मोजता येतं. जिथं माणसं आपण होऊन एकत्र येताहेत, तिथं त्याच प्रकारची वास्तू बांधायची. अर्ज नको, वशिला नको.

"आणि लोकांनी सोंग केलं तर?" परागनं विचारलं.

"उभं राहण्याचं सोंग करता येतं सर. श्वास जुळल्याचं नाही करता येत."

परागनं मान डोलावली. सोंग करता येत नाही असं जिथं कुणी म्हणतं, तिथं लवकरच सोंगाचे वर्ग निघतात, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. पण अनुभवाला बैठकीच्या इतिवृत्तात जागा नसते.

पहिल्याच महिन्यात मेळनं नगरातली सर्वांत एकजीव जागा शोधली. ती होती सेक्टर सातमधल्या ट्रान्सफॉर्मरसमोरची. पडद्यावर तिथं लालभडक ठिपका उमटला होता आणि खाली शिफारस होती, 'सांस्कृतिक केंद्रास अत्यंत योग्य'. पराग दोन संध्याकाळी तिथं जाऊन उभा राहिला. दुसऱ्या संध्याकाळी कोडं सुटलं. वीज गेली, लोक बाल्कन्यांत आणि रस्त्यावर आले, वायरमन ट्रान्सफॉर्मरशी झटू लागला, सगळ्यांचे डोळे त्याच्या पान्यावर. आणि वीज परत येताच सेक्टर सात एका दमात ओरडला, "आलीऽऽऽ!" खांबावरच्या रडाराला स्वतःची बॅटरी होती. त्यानं तो महान सामूहिक निःश्वास नीट टिपून घेतला होता.

ओवीनं यंत्रात दुरुस्ती केली. "डेटा खरा होता सर," ती तरीही म्हणाली. "त्या क्षणी ते सगळे खरोखर एक होते."

हे वाक्य परागला हसण्यासारखं वाटलं, म्हणून तो हसला. नंतर त्याला ते बरेचदा आठवणार होतं.

*

घरी केतकी होती, आणि घरासमोर भूखंड एक्केचाळीस होता.

केतकी सांगलीची. तिथल्या हौशी नाट्यसंस्थेत ती वीस वर्षं काम करत होती आणि पराग त्याच संस्थेत पडदा ओढत असे. त्याला पाठांतर जमत नव्हतं. तिचं लग्नानंतरही एकच म्हणणं होतं, "तू पडदा नेहमी एक श्वास आधी पाडतोस." करंजविहीरची नोकरी आली, पराग रुजूही झाला, तरी ती यायला तयार नव्हती. परागनं आराखडा जेवणाच्या टेबलावर पसरला, एका चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हा एक्केचाळीस. इथं नाट्यगृह होणार. मी स्वतः आरक्षण टाकलंय." त्या बोटावर विश्वास ठेवून ती सांगली सोडून आली.

त्याला सहा वर्षं झाली. एक्केचाळीसवर एका पळून गेलेल्या ठेकेदारानं उभा केलेला, भिंती नसलेला सिमेंटचा सांगाडा होता आणि भोवती बाभळी. सकाळी चहा घेताना केतकी बाल्कनीतून बघे आणि विचारी, "आज काय उगवलं?"

"बाभूळ," पराग म्हणे.

"छान. प्रयोग कधी?"

सुरुवातीला हे थट्टेत होतं. नंतर थट्टा गेली आणि नुसता प्रश्न राहिला. आता प्रश्नही नव्हता. ती बघे आणि आत जाई.

मेळ आल्यावर नाट्यगृहाचं आरक्षण फेरविचाराला गेलं आणि त्याजागी वाहनतळ सुचवला गेला. नाटकाचा मेळ यंत्रात शून्य निघाला.

"अहो, नाट्यगृहच नाही तर नाटकाला माणसं जमलेली दिसणार कशी?" पराग ओवीवर चिडला.

"गरज असेल तर लोक कुठंतरी करतातच सर. आधी पायवाट पडते, मग आपण रस्ता करतो."

सुनावणीच्या दोन महिने आधी एक्केचाळीसवर पायवाट पडली. सांगाड्याजवळच्या खांबानं रोज संध्याकाळी दहा-बारा माणसांचा ठिपका दाखवायला सुरुवात केली. आधी फिकट, मग गुलाबी, मग लाल. माणसं एकत्र श्वास घेत, एकत्र सोडत, आणि मधेच सगळीच्या सगळी श्वास थांबवून उभी राहत. ओवी हरखून गेली. "इतका शुद्ध मेळ मी कुठल्याच शहरात पाहिला नाही!"

"शुद्ध म्हटलं की मला भेसळ आठवते," पराग म्हणाला.

आठवड्याभरात अर्जही आला. 'अमृतांगण समूह' या बांधकाम कंपनीनं भूखंड एक्केचाळीसवर स्वखर्चानं 'श्वाससाधना भवन' बांधून देण्याची तयारी दाखवली होती. चालवण्याचा अधिकार तेवढा कंपनीकडे. अर्जाबरोबर कंपनीचे भागीदार बाळासाहेब हुलवळे स्वतः आले. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात पेढ्यांचा पुडा.

"घ्या टिपणीस साहेब, तोंड गोड करा."

"कशाबद्दल?"

"मंजुरीबद्दल."

"मंजुरी कुठं आलीय?"

"येईल की! पेढं आधी आलं म्हणून बिघडलं का काय?"

पराग पेढ्याला हात न लावता म्हणाला, "बाळासाहेब, तुम्ही प्राणायाम करता?"

"मी नाय ओ. मला दम लागतो." हुलवळे खुर्चीत रेलले. "पण जनतेला लई गोडी लागलीय. तुमचंच यंत्र सांगतंय, मी कुठं सांगतोय?"

"भवनाच्या नकाशात स्वयंपाकघर कशाला?"

"काढा घ्यायला नको का साधकांना?"

"पाचशे माणसांचा काढा?"

हुलवळे मनापासून हसले. "साहेब, तुमचा सोभावच संशयी. वहिनी कशा राहत्यात तुमच्यासंगं, देव जाणे."

पराग त्या वाक्यावर अडखळला, कारण केतकी हल्ली रोज संध्याकाळी बाहेर जात होती.

"कुठं जातेस?"

"फिरायला."

केतकीला चालण्याचा तिटकारा होता. लिफ्ट बंद पडली तर ती दुरुस्त होईपर्यंत खाली बाकावर बसून राहणारी ही बाई. आणि फिरून आल्यावर ती दमलेली नसे. उलट तिच्या गालांवर रंग असे. स्वयंपाक करताना ती काहीतरी पुटपुटे. पराग ओट्याजवळ आला की पुटपुटणं थांबे.

संशयाची एक सोय असते. नकाशावरचा ठिपका कुणाचा ते कळत नाही, म्हणून तो कुणाचाही असू शकतो. पराग कार्यालयात बसून सगळ्या नगरातले दोन माणसांचे ठिपके पाहू लागला. तलावाच्या काठी दोन श्वास. पाण्याच्या टाकीमागे दोन श्वास, छान जुळलेले. आपलं पद नियोजनाचं आहे आणि आपण करतोय ते चोंबडेपणाचं आहे, हे त्याला कळत होतं. कळूनही तो रोज पाहत होता.

एका संध्याकाळी तो लवकर घरी आला. केतकी निघून गेली होती. टेबलावर तिची चांदीची छोटी डबी होती, झाकण उघडं, आत ज्येष्ठमधाचे तुकडे. ही डबी सांगलीत रंगपटात असायची. प्रयोगाआधी ती एक तुकडा गालात धरी. करंजविहीरला आल्यापासून ती त्यानं पाहिली नव्हती.

गळा राखावा लागेल असं ती कुठं काय बोलते आहे?

पराग बाल्कनीत आला. समोर एक्केचाळीसवर, सांगाड्याखाली, माणसं हलताना दिसत होती.

*

तो बाभळींतून वाट काढत मागच्या बाजूनं गेला. शर्टाची बाही फाटली. खांबाआड उभा राहून त्यानं पाहिलं.

त्यांच्या गेटवरचा रखवालदार यमगर होता. तिसऱ्या मजल्यावरच्या चौबळबाई होत्या, भाजीची पिशवी पायाशी. बॅटरी कारखान्यातला सुपरवायझर झा होता. आणखी आठ-नऊ जण होते. सगळे गोलात उभे, डोळे मिटलेले. मध्ये केतकी.

"नाक फुलवू नका यमगर, तुम्ही काय बैल आहात? पोटातून घ्या. चौबळबाई, खांदे खाली. आता मी बोलायला लागेन. शब्दांकडे लक्ष देऊ नका. मी थांबले की मुद्दाम थांबायचं नाहीये, श्वास आपोआप थांबतोय का ते बघायचंय."

आणि ती बोलू लागली. एक म्हातारी स्टेशनवर मुलाची वाट बघतेय, गाडी येते, दारं उघडतात, माणसं उतरतात. एवढंच. गाडीची दारं मिटली तिथं ती थांबली.

दहा-बारा माणसं थांबली. बाभळीतला वारा थांबल्यासारखा वाटला. खांबामागे उभ्या असलेल्या परागच्याही ध्यानात आलं, की आपणही श्वास घेत नाही आहोत.

"सोडा," केतकी म्हणाली. मग आवाज न चढवता, "तूसुद्धा सोड, पराग. गुदमरशील."

माणसं डोळे उघडून त्याच्याकडे पाहू लागली. यमगरनं सवयीनं सलाम ठोकला.

"आज एवढंच," केतकीनं सगळ्यांना सांगितलं. मंडळी पांगली. चौबळबाई जाता जाता "सर, फार छान शिकवतात हो मॅडम" असं म्हणून गेल्या, आणि त्यानं प्रकरण अधिकच अवघड झालं.

"हुलवळेनं तुला विकत घेतलं?" परागनं विचारलं.

"नाही. मीच गेले त्याच्याकडे. त्याला लाल ठिपका हवा होता. त्यानं आधी कुठला तरी योगशिक्षक आणला होता. पंधरा दिवसांत गुलाबीसुद्धा झालं नाही. सगळे आपापल्या कुंडलिनीत मग्न. मी म्हटलं, मी करून दाखवते."

"आणि बदल्यात?"

"भवनाच्या एका टोकाला चौथरा. चांगला लांबरुंद. शनिवार-रविवार माझा."

"चौथरा?"

"नकाशात चौथरा म्हणायचं. रंगमंच म्हटलं की तुमचं यंत्र शून्य दाखवतं ना."

"केतकी, ही फसवणूक आहे. आणि तो मंगल कार्यालय करणार आहे तिथं!"

"करू दे. सोमवार ते शुक्रवार लग्नं लागू देत. मला दोन दिवस पुरेत." ती सिमेंटच्या कट्ट्यावर बसली. "तू मला सरळ मार्गानं काय दिलंस? बाभूळ."

परागमधला अधिकारी बोलला. "सुनावणीत माझं मत विचारणार आहेत. मी खोटं नाही बोलणार."

"मग खरं बोल. उद्याच सांग. हुलवळे जाईल, चौथरा जाईल, एक्केचाळीस परत वाहनतळाला जाईल. मी सांगलीला जाईन." ती हे रागानं बोलत नव्हती; गाडीचं वेळापत्रक वाचावं तसं बोलत होती. "धमकी नाही ही. मला इथं करायला काही उरत नाही, एवढंच."

"पण हे खोटं आहे हे तुला तरी मान्य आहे ना? ही माणसं एकत्र नाहीत. तू त्यांना एकत्र असल्यासारखं करायला शिकवतेस."

"आधी शिकवत होते," केतकी म्हणाली. "हुलवळेनं त्यांना रोज नाश्ता कबूल केला होता. गेल्या महिन्यात नाश्ता बंद झाला. कुणी यायचं थांबलं नाही. झाची दुसरी पाळी असते, तो पाळी बदलून येतो. आता तूच सांग, हे खरं की खोटं? तुझं यंत्र काय म्हणतं?"

यंत्र 'अत्यंत योग्य' म्हणत होतं. पण यंत्र ट्रान्सफॉर्मरलाही तेच म्हणालं होतं.

*

सुनावणी प्राधिकरणाच्या सभागृहात, भर दुपारी. मुख्याधिकारी वाळिंबे मॅडम मध्यभागी, बाजूला ओवी, भिंतीवर मोठा पडदा. सभागृहातही मेळचं रडार होतं आणि त्याचा आलेख पडद्याच्या कोपऱ्यात जिवंत सरकत होता. पारदर्शकता, असं त्याला नाव होतं.

क्रमांक एक्केचाळीस पुकारला गेला. हुलवळे उठले. श्वास, संस्कृती, तणावमुक्त कामगार यांवर बोलले, आणि मध्ये तीनदा दम लागून थांबले. आलेख आडवाच राहिला.

"टिपणीस, आपलं तांत्रिक मत?"

पराग उभा राहिला. खिशात कागद होता, त्यावर दोन मतं होती, वेगवेगळ्या बाजूंना लिहिलेली. कुठली बाजू वर येईल ते त्याला अजून ठरवता आलं नव्हतं. तिसऱ्या रांगेत केतकी होती. ती सांगलीची मोरपंखी साडी नेसली होती आणि त्याच्याकडेच पाहत होती.

"मॅडम," तो म्हणाला, "एक्केचाळीसवरचा मेळ..." आणि पुढचे शब्द आलेच नाहीत. सभागृह वाट पाहू लागलं. तो केतकीकडे बघत होता. तिनं सावकाश श्वास आत घेतला. त्यानंही घेतला, आणि शब्द आले.

"एक्केचाळीसवरचा मेळ शिकवलेला आहे. तिथं कुणी श्वाससाधना करत नाही. एका बाईंनी दहा-बारा अनोळखी माणसांना तालमीत बसवून हा ठिपका उभा केलाय. त्या बाई माझ्या पत्नी आहेत."

सभागृहात खळबळ झाली. हुलवळे छताकडे पाहू लागले. ओवीनं डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"तेव्हा श्वाससाधना भवनाचा अर्ज नामंजूर करावा, असं माझं मत आहे." आता परागला थांबता येईना. "पण मॅडम, मला एक सांगा. एक बाई उभी राहते. स्टेशनवरच्या म्हातारीची गोष्ट सांगते. स्टेशन नाही, म्हातारी नाही, मुलगा नाही. सगळं खोटं, आणि ऐकणाऱ्याला ते खोटं आहे हे ठाऊकही आहे. तरी गाडीची दारं मिटतात तेव्हा रखवालदार, गृहिणी, कारखान्यातला माणूस, सगळ्यांचा श्वास एकदम थांबतो. खोट्यावर खरा श्वास थांबतो, असं जिथं होतं, त्या वास्तूला आपल्या जुन्या कोष्टकात एक शब्द आहे. यंत्र म्हणतं नाटकाचा मेळ शून्य. यंत्र दोन महिने नाटकच मोजतंय. आपण त्याला प्राणायाम असं लेबल लावलं."

तो थांबला. सभागृह निःशब्द झालं. पडद्याच्या कोपऱ्यातला आलेख वर गेला, आणखी वर गेला, आणि लाल झाला. वाळिंबे मॅडमनी परागकडे पाहिलं, मग आलेखाकडे, आणि मग बराच वेळ आलेखाकडेच.

"डॉक्टर, हे काय आहे?"

"मॅडम, सभागृह... एक झालंय," ओवी जवळजवळ कुजबुजली. "सुनावणीत असं कधीच होत नाही."

"म्हणजे लोकभावना स्पष्ट आहे," मॅडम म्हणाल्या. "एक्केचाळीसवर नाट्यगृहाचं मूळ आरक्षण कायम. बांधकाम प्राधिकरण करेल. पुढचा क्रमांक."

टाळ्या वाजल्या. आयुष्यात पहिल्यांदा पराग खरं बोलला होता आणि त्यानं कुणाचंच नुकसान झालं नव्हतं. ही गोष्टच संशयास्पद होती. एक क्षण त्यानं तो संशय येऊ दिला नाही.

मग तो खाली बसला आणि सभागृहाकडे वळून पाहिलं. पहिल्या रांगेत उजवीकडे यमगर होता. मधल्या रांगेत चौबळबाई, आज भाजीच्या पिशवीशिवाय. मागे दाराजवळ झा. आणखी दोन ओळखीचे चेहरे डाव्या बाजूला. एकत्र कुणीच बसलं नव्हतं. पोह्यांवर खोबरं भुरभुरावं तशी ती मंडळी सगळ्या सभागृहात पसरलेली होती.

*

दाराशी हुलवळे भेटले. ते रागावलेले नव्हते. "चांगलं झालं साहेब. नाट्यगृह तर नाट्यगृह. शेजारचा प्लॉट आपलाच हाय. नाटकाला येणारं पब्लिक जेवणार कुठं?" आणि त्यांनी उरलेले पेढे परागच्या हातात कोंबले.

सूर्य कलताना नवराबायको चालत घरी निघाले. चालत जाऊ या असं केतकीच म्हणाली. एक्केचाळीसपाशी दोघं थांबली. बाभळी तशाच होत्या, पण आता त्या तात्पुरत्या वाटत होत्या. सांगाड्याजवळच्या खांबावरचा दिवा नुकताच लागला होता.

"आज काय उगवलं?" परागनं विचारलं.

केतकी हसली. पुष्कळ वर्षांनी ती तशी हसली, आणि परागला वाटलं, इथं थांबावं. आणखी काही विचारू नये. पण तो उपनियोजक होता.

"तुझी माणसं अशी विखरून का बसली होती?"

"जागा मिळेल तिथं बसली."

"आणि ती डबी? टेबलावर उघडी?"

"कुठली डबी?"

"ज्येष्ठमधाची. इतक्या वर्षांत तू एकाही डबीचं झाकण उघडं ठेवलेलं नाहीस, केतकी. त्याच दिवशी कसं राहिलं?"

"घाईत राहिलं असेल."

"मी मागून येणार हे तुला माहीत होतं? मी खरं बोलणार हेही?"

"तू नेहमी खरंच बोलतोस. म्हणून तर तुला कधी काम मिळालं नाही, पडदा मिळाला." तिनं त्याच्या बाहीवरची, बाभळीनं फाटलेल्या जागची नवी शिवण बोटानं सरळ केली. "आज मात्र छान बोललास. मनापासून. मला खरंच भरून आलं."

तिचे डोळे भरलेले होते. ते त्यानं पाहिलं. हे डोळे सांगलीत शुक्रवारी, शनिवारी आणि रविवारी दोन्ही प्रयोगांना, ठरलेल्या वाक्यावर भरताना त्यानं विंगेतून पाहिले होते. आणि त्या प्रत्येक वेळी, पडद्याची दोरी हातात धरून, त्यालाही खरंच भरून आलं होतं.

ती त्याच्या अगदी जवळ उभी होती. वर खांबावरचं यंत्र दोन श्वास मोजत असणार. उद्या कार्यालयात नकाशावर इथं दोन माणसांचा ठिपका दिसेल, लालभडक दिसेल, आणि तो कुणाचा हे या वेळी त्याला माहीत असेल. त्यातला किती आपोआप आणि किती बसवलेला, ते मात्र ओवीचं यंत्रही सांगणार नव्हतं.

परागनं श्वास आत घेतला आणि, केवळ खात्री करून घ्यावी म्हणून, रोखून धरला.

क्षणभरानं शेजारी केतकीचाही श्वास थांबला.

दोघं समोर बघत उभी राहिली. आता आधी कोण सोडतं, एवढंच उरलं होतं.